पुढच्या हिवाळ्याचं सरपण

न्यू इंग्लंडमध्ये घर घेताना मराठी माणूस आधी शाळांचं रेटिंग बघतो, मग देवघर पूर्वेला बसतं का ते बघतो आणि शेवटी दिवाणखान्यातल्या फायरप्लेससमोर उभा राहून विरघळतो. एजंटबाईंना हे पक्कं ठाऊक असतं. छप्पर गळतं ही बातमी त्या बरोबर तिथे उभं करूनच देतात. विटांचा तो कोनाडा, वर जाड लाकडी फळी, फळीवर जुन्या मालकांच्या नातवंडांचे फोटो. बाहेर बर्फ पडतंय, आत जाळ धगधगतोय, हातात आल्याचा चहा आहे, असं सगळं डोळ्यांपुढे येतं. त्या जाळात जळणारी लाकडं कुठून आली आणि ती वाळलेली होती का, हे मात्र कुणाच्या मनात येत नाही. यात दोष हिंदी सिनेमाचा. नायक-नायिका पावसात चिंब भिजून ओसाड बंगल्यात शिरतात आणि पुढच्याच दृश्यात शेकोटी पेटलेली असते. भर पावसाळ्यात त्या बंगल्यात कोरडी लाकडं कुणी रचून ठेवली होती, याची चौकशी आजवर एकाही दिग्दर्शकानं केलेली नाही.

मी राहतो ते श्रूजबरी मॅसॅच्युसेट्समध्ये, वूस्टर शहराला चिकटून. आजूबाजूला झाडं इतकी, की इथे लाकडाची टंचाई आहे म्हटलं तर लोक हसतील. टंचाई आहे ती सुक्या लाकडाची. ऑक्टोबर लागला की रस्त्याकडेला पाट्या दिसायला लागतात आणि प्रत्येक पाटीवर लाकडं वाळलेलीच असतात. विकणारे बहुतेक जण मुळात झाडं तोडणारे. एकाच्या छपरावर झुकलेलं झाड पैसे घेऊन तोडायचं आणि तेच फोडून दुसऱ्याला पैसे घेऊन विकायचं, असा दोन्हीकडून वाजणारा ढोल. त्यांना फोन करून 'लाकडं वाळलेली आहेत ना?' असं विचारायला हरकत नाही, पण या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर देणारा विक्रेता अजून जन्माला यायचाय.

'चांगलं वर्ष झालंय!' असं तो सांगतो, आणि तो खोटं बोलत नसतो. प्रश्न एवढाच, की वर्ष कुठून मोजायचं. झाड पडून वर्ष झालेलं असतं. अख्खा बुंधा सालीसकट वर्षभर त्याच्या आवारात लोळत पडलेला असतो आणि गेल्या मंगळवारी गिऱ्हाइकाचा फोन आल्यावर त्याचे तुकडे होतात. लाकडाचं वय जन्मापासून मोजायचं की मुंजीपासून, हा खरा वाद आहे. शास्त्र मुंजीच्या बाजूचं आहे. झाडाचं खोड म्हणजे उभ्या बारीक नळ्यांची जुडी. पाणी बाहेर पडतं ते मुख्यतः नळ्यांच्या कापलेल्या तोंडांतून आणि फोडलेल्या अंगातून. साल पाणी अडवून धरते. म्हणजे हातभर लांबीचे तुकडे करून, ते फोडून, वाऱ्यावर रचले की त्या दिवसापासून घड्याळ सुरू. मेपल, अ‍ॅश यांसारखी लाकडं एका लांबलचक उन्हाळ्यात तयार होतात. ओकला दोन वर्षं लागतात. ग्रीनकार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या आमच्या मित्रमंडळींना हे सांगितलं तेव्हा सगळे एका सुरात म्हणाले, 'फक्त दोन?'

पेटवण्याजोग्या लाकडात ओलावा 20 टक्क्यांच्या खाली असावा लागतो. ताज्या लाकडात तो 100 टक्के असू शकतो, काही जातींत त्याहून जास्त. बोर्डात पंच्याण्णव टक्के मिळवलेल्या आमच्या पिढीला हे पटायला वेळ लागतो. पण इथे टक्के काढतात ते पूर्ण सुकलेल्या लाकडाच्या वजनाशी तुलना करून. एक किलो लाकूड, एक किलो पाणी, झाले 100. तुम्ही जे उचलून आणलंत त्यातलं निम्मं पाणीच. ते चुलाण्यात घातलं की आग आधी ते पाणी उकळत बसते. ओंडक्याच्या टोकाला फेस येतो, सूंऽऽ असा बारीक आवाज येतो. पाहुणे म्हणतात, 'किती छान आवाज!' तो आवाज तुमच्या डॉलरची वाफ होण्याचा असतो. पुढे धूर. थंड, दमट धूर चिमणीत वर जाता जाता तिच्या आतल्या अंगाला काळा चिकट थर चढवतो, त्याला क्रिओसोट म्हणतात. थर साचला की एखाद्या दिवशी तो आतच पेट घेतो. म्हणून दरवर्षी चिमणी साफ करणारा येतो, टॉर्च घालून वर बघतो आणि मान हलवतो. कुठलीही चिमणी बघून हे लोक मान हलवतात. त्यांचं तसं प्रशिक्षण होत असावं.

आता इथे एक घरगुती गुपित सांगून टाकतो. फायरप्लेसनं घर गरम होत नाही. उघड्या फायरप्लेसची जेमतेम दहा टक्के ऊब खोलीत येते, बाकीची वर ढगात. जाताना ती घरातली, तेल जाळून तापवलेली हवाही बरोबर ओढून नेते. त्यात आमच्याकडे थर्मोस्टॅट दिवाणखान्यात. जाळ पेटला की त्याला वाटतं, झालं, घर तापलं. तो हीटिंग बंद करतो. मग समोर बसलेल्यांच्या नडग्या भाजतात, पाठी गारठतात आणि वरच्या बेडरूममध्ये मुलगी दोन स्वेटर घालून गृहपाठ करते. गंमत म्हणजे या दुखण्यावर इलाज शोधणारे दोन पुरुषोत्तम याच प्रांतात जन्मले. 1706 साली बॉस्टनमध्ये बेंजामिन फ्रँकलिन आणि 1753 साली वोबर्नमध्ये बेंजामिन टॉम्पसन, म्हणजेच पुढचा काउंट रमफर्ड. फ्रँकलिननं लोखंडी शेगडी बसवून बघितली. रमफर्डनं कोनाडा उथळ केला, बाजूच्या भिंती तिरप्या केल्या, चिमणीचा घसा अरुंद केला. अमेरिकन क्रांतीच्या वेळी तो इंग्रजांच्या बाजूनं हेरगिरी करत होता आणि शेवटी पळून गेला. त्यामुळे फ्रँकलिन नोटेवर आला आणि रमफर्ड फक्त चिमण्या बांधणाऱ्यांच्या बोलण्यात उरला. आमच्या घराच्या बिल्डरनं दोघांचंही काही वाचलेलं नव्हतं.

आता माप. अमेरिकेत सरपण विकतात ते कॉर्डनं. चार फूट उंच, चार फूट रुंद, आठ फूट लांब अशी नीट रचलेली रास, म्हणजे 128 घनफूट, हा एक कॉर्ड. 'नीट रचलेली' या दोन शब्दांत सगळा व्यवहार आहे. लाकडं येतात ती ट्रकमधून धो धो ओतली जातात. ढीग मोठा दिसतो. विकणारा त्याच्याकडे अभिमानानं बघतो, तुम्हीही बघता, पैसे देता. मग दोन दिवस कंबर मोडून तुम्ही तो ढीग रचता, आणि रास आठ फुटांच्या ऐवजी सहा फुटांवर संपते. बाकीची हवा होती. शिवाय 'फेस कॉर्ड' नावाचा एक प्रकार आहे. समोरून चार बाय आठ अगदी बरोबर, पण खोली फक्त एका तुकड्याची, म्हणजे कॉर्डाचा तिसरा हिस्सा. 'फेस कॉर्ड' आणि 'ट्रकभर' ही मापं अनेक राज्यांच्या कायद्याला मान्य नाहीत. विक्रेत्यांना मात्र ती फार प्रिय आहेत.

आपल्याकडच्या वखारीत ही भानगड नव्हती. तिथे वजन. मोठा काटा टांगलेला, एका पारड्यात ओंडके, दुसऱ्यात मणाची वजनं. कुठे वादच नको. फक्त श्रावणातल्या पावसात अर्धी लाकडं वखारीबाहेर का पडून असतात, हा प्रश्न विचारायचा नसे. वजनानं विकणाऱ्याला ओल्या लाकडाइतकं प्रिय काही नाही. पाण्याचा भावही लाकडाचाच. म्हणजे हिशेब असा झाला, की पुण्या-मुंबईत आमच्या वडिलांनी लाकूड म्हणून पाणी विकत घेतलं आणि अमेरिकेत मी लाकूड म्हणून हवा विकत घेतो. आणि कॉर्डात लाकूड असतं ते ओलं असतंच. ओकच्या एका हिरव्या कॉर्डात अर्धा टन पाणी सहज निघेल. मुलानं बापाच्या पुढे जायचं असतं ते असं. (लाकडाची एक शेवटची खरेदी असते. ती आपण स्वतः करत नाही आणि त्या लाकडांच्या ओलाव्याबद्दल आपली तक्रार नसते. पण वर्षभर वाळत पडलेलं सगळं चांगलं सरपण नेमकं तिथे जात असावं, असा मला जुना संशय आहे.)

ज्याला रचण्याचा कंटाळा आहे त्याच्यासाठी पेट्रोल पंपावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या जुड्या मिळतात. भट्टीत सुकवलेल्या, वर धरायला मूठ. एक जुडी साधारण पाऊण घनफुटाची. आमच्यातले एक मूळचे डोंबिवलीचे सद्गृहस्थ आहेत, त्यांनी याचा तक्ता बनवला. एका कॉर्डात अशा 170 जुड्या बसतात, जुडीला सात डॉलर धरले तर कॉर्ड जवळजवळ 1200 डॉलरला पडतो. त्याच तक्त्यात पुढे त्यांनी प्रत्येक झाडाची उष्णता, वाळण्याचा काळ आणि दर डॉलरमागे मिळणारी ऊब असे रकाने केले आहेत. मंडळाच्या कोजागिरीला तो तक्ता त्यांनी मोठ्या टीव्हीवर दाखवला. त्यांच्या घरी फायरप्लेस गॅसचा आहे.

लाकूड सुकलंय हे ओळखायच्या खुणा सर्वांना तोंडपाठ असतात. टोकाला तडे गेलेले, रंग करडा पडलेला, साल सुटायला आलेली, हातात हलकं. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर टणत्कार व्हावा. ओलं असेल तर धप्प. शिवाय ओलावा मोजायचं यंत्र ऑनलाइन मिळतं, दोन टोचण्या असलेलं. ते तसंच बाहेरून टोचलं की आकडा नेहमी समाधानकारक येतो, कारण बाहेरचं अंग आठवड्यात सुकतं. तुकडा नव्यानं फोडून आतल्या ताज्या अंगाला टोचायचं असतं. हे विक्रेत्यासमोर करायला फार निबरपणा लागतो. दारात ट्रक उभा, माणूस पैशांची वाट बघतोय, आणि तुम्ही म्हणताय, जरा थांबा हं, एक तुकडा फोडून बघतो. आपण लोक भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीसाठी दहा मिनिटं भांडतो, पण इंग्रजीत भांडायचं म्हटलं की 'नो प्रॉब्लेम, थँक यू' म्हणून मोकळे होतो.

शेजारच्या काकांनी (इथे काका म्हणत नाहीत, नावानं हाक मारतात, मला अजून जमत नाही) एक वेगळी परीक्षा शिकवली. लाल ओकचा तुकडा घ्यायचा, एका टोकाला भांडी घासायचा साबण लावायचा आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून जोरात फुंकायचं. सुकलेला असेल तर नळ्या मोकळ्या झालेल्या असतात आणि पलीकडे बुडबुडे येतात. पांढऱ्या ओकवर हे चालत नाही, त्याच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात. म्हणून तर त्याची दारूची पिंपं करतात. एका रविवारी आम्ही दोघं प्रौढ पुरुष ड्राइव्हवेत उकिडवे बसून ओंडक्यांत फुंकर घालत होतो. नेमकी तेव्हा आमच्याकडे आई रत्नागिरीहून आलेली होती.

तिनं दारातून थोडा वेळ बघितलं. मग म्हणाली, "अरे, फुंकणी विकत नाही का मिळत इथे?"

आईचं आणि सरपणाचं नातं जुनं आणि कडू आहे. मिरग लागायच्या आत लाकूडफाटा फोडून, वाळवून मांगरात रचला नाही, तर पुढचे चार महिने काही खरं नसे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्यातला जवळजवळ सगळा त्याच चार महिन्यांत. मे महिन्यात लोणची, पापड, सांडगे आणि सरपण अशी सगळी बेगमी एकाच वेळी चाले. ऐन-किंजळ वेगळं, पांगाऱ्यासारखं भुसभुशीत वेगळं, चुडतं आणि सोडणं पेटवणासाठी वेगळी. ओलसर राहिलेल्या ढलप्या चुलीवरच्या माळ्यावर, खालच्या धगीनं वाळायला. एवढं करून डोळे चुरचुरायचे ते चुरचुरायचेच.

त्या संध्याकाळी मी जाळ केला आणि तिला समोरच्या खुर्चीत बसवलं.

"यावर काय ठेवायचं?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"आंघोळीचं पाणी?"

"ते गरम असतंच नळाला."

"मग पेटवलंयस कशाला?"

"बघायला."

"हे बघायला लागू नये म्हणून आम्ही वर्षानुवर्षं गॅसला नंबर लावून बसलो होतो रे!"

मग तिनं शेजारचे दोन तुकडे उचलून एकमेकांवर आपटले, वास घेतला आणि ओलं आहे असा निकाल दिला. यंत्राचा निकाल यायला बॅटरी लागते. किती दिलेस, असं तिनं विचारलं. मी डॉलरमध्ये सांगितलं. तिनं मनातल्या मनात रुपये केले आणि म्हणाली, "एवढ्यात आपल्याकडे अख्खं झाड येतं, तोडणाऱ्या गड्याच्या जेवणासकट." दुसऱ्या दिवशी उतरून बघतो तर फायरप्लेसच्या कडेनं ओले तुकडे अर्धवर्तुळात उभे केलेले आणि निखाऱ्यात तीन रताळी. सौ.ला घराच्या विम्याची कलमं आठवायला लागली. रताळी मात्र उत्कृष्ट झाली होती. इंडियन दुकानातून आणलेल्या नारळांच्या करवंट्याही आईनं जपून ठेवल्या होत्या. विकतच्या कुठल्याही पेटवणापेक्षा त्या सरस निघाल्या.

"सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ते उगीच नाही," ती म्हणाली. "आता सुकं थोडं दुसरीकडून आण, आणि हे पुढच्या वर्षाला ठेव."

सगळ्या धंद्याची मेख इथेच आहे. लाकूड विकत मिळतं, त्याचं वाळणं मिळत नाही. त्यासाठी वर्ष लागतं आणि ते विक्रेत्याकडे शिल्लक नसतं, कारण त्याच्याकडे जागा नाही, भांडवल नाही आणि ऑक्टोबरमध्ये फोन करणाऱ्या गिऱ्हाइकांना तोटा नाही. इंग्लंडच्या सरकारलासुद्धा हे उमगलं असावं. तिथे 2021 च्या मे महिन्यापासून दोन घनमीटरच्या आतलं सरपण विकायचं तर ओलावा 20 टक्के किंवा त्याहून कमी लागतो. त्याच्यापुढे घेतलंत तर ओलं विकायला मुभा आहे, फक्त ते कसं वाळवायचं याची माहिती सोबत द्यायची. मोठ्या गिऱ्हाइकाला लाकूड ओलं आणि उपदेश कोरडा.

म्हणून शहाणा माणूस मार्चमध्ये, चक्क ओलं आहे असं सांगून स्वस्तात मिळणारं लाकूड घेतो आणि स्वतः रचतो. दोन ओळी जमिनीपासून वर फळ्यांवर, मध्ये वाऱ्याला वाट, वरून ताडपत्री, बाजू उघड्या. बाजूही झाकल्या की आत बुरशी. रचण्याबद्दल मात्र प्रत्येक घराण्याची गायकी वेगळी. नॉर्वेत सरपणावरचं लार्स मिटिंगचं पुस्तक 2011 साली आलं आणि धडाक्यात खपलं. 2013 च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारी वाहिनीनं सरपणावर 12 तासांचा कार्यक्रम दाखवला. त्यात तासन् तास नुसता जाळ जळताना दिसत होता. तक्रारी आल्या. काही प्रेक्षक म्हणाले, लाकडं साल वर करून रचायला हवी होती, काही म्हणाले, साल खाली करून. हे वाचल्यावर मला नॉर्वेजियन लोकांबद्दल एकदम आपलेपणा वाटायला लागला. नाट्यसंगीत आणि मिसळ सोडली तर आमच्यात त्यांच्यात काही फरक नाही.

आमच्या भागात आणखी एक अडचण आहे. 2008 साली वूस्टरमध्ये एशियन लाँगहॉर्न्ड बीटल नावाचा भुंगा सापडला. हा जातभाई चीनकडून मालाच्या लाकडी खोक्यांतून अमेरिकेत आला, कुठलाही व्हिसा न घेता. त्याच्या बंदोबस्तासाठी तीस हजारांहून जास्त झाडं तोडली गेली. तेव्हापासून वूस्टर, श्रूजबरी आणि आसपासच्या 110 चौरस मैलांतलं रुंदपानी झाडांचं सरपण परवान्याशिवाय हद्दीबाहेर नेता येत नाही. भुंगा स्वतः फार लांब उडत नाही, पण आपण त्याला गाडीच्या डिकीतून कॅम्पिंगला नेतो. माणसं कुठेही जावोत, ओंडक्यानं जिथल्या तिथे राहायचं. परवाने, मुदती आणि स्टेटस यांत आमचं आयुष्य गेल्यामुळे आम्ही ओंडक्यांशी आदरानं वागतो.

लेखक थोरोचं वॉल्डन तळं इथून तासाभराच्या आत आहे. सरपणाचा विषय निघाला की शेजारचे काका थोरोचं नाव काढतात. लाकडं फोडण्याच्या सुखाबद्दल त्यानं लिहिलंय खरं. पण त्याच थोरोनं 1844 साली काँकर्डजवळ मासे शिजवायला जाळ केला आणि 300 एकर जंगल पेटवून दिलं, हे काका सांगत नाहीत. त्या वसंतात पाऊस नव्हता, सगळं खडखडीत वाळलेलं होतं. अख्ख्या मॅसॅच्युसेट्समध्ये सुकं लाकूड मिळण्याचा तेवढा एकच खात्रीचा प्रसंग मला माहीत आहे.

तर आमची रास आता तयार आहे. ओकची, मागच्या अंगणात, दक्षिणेकडे तोंड करून. टणत्कार स्वच्छ, तडे जागच्या जागी, ताज्या अंगाला टोचलं तरी आकडा चौदा. मी पहिल्या थंडीत मोठ्या हौसेनं चार तुकडे उचलले आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, ती नका काढू. ती चांगली आहेत, पाहुण्यांसाठी राहू देत. घरच्यांना ती ऑक्टोबरची आहेत की." बोन चायनाचे कप ज्या न्यायानं कपाटात राहतात, त्याच न्यायानं ओकची रास ताडपत्रीखाली आहे. आमचे पाहुणे भारतातून येतात. म्हणजे जुलैत येतात, पारा नव्वदला टेकलेला असताना, आणि एसी वाढवायला सांगतात. परत जाताना हळदीकुंकू, चॉकलेटं, मेपल सिरप सगळं नेतात. लाकडं काही नेता येत नाहीत, भुंग्यामुळे.

परवा आईचा फोन आला तेव्हा तिनं रासेची चौकशी केली. वापरली नाहीत म्हटल्यावर म्हणाली, "बरं केलंस. एवढी चांगली लाकडं नुसती बघायला कोण जाळतं?"